बाळंतिणीची बैठक

कोकणातील जुन्या घरात प्रत्येकाच्या बसण्याची जागा ठरलेली असे. ओटीवरच्या झोपाळ्यावर घरचे कर्ते पुरुष, भिंतीलगतच्या लोडाशी वसुलीच्या कामी आलेला तलाठी किंवा खोताचा कारकून, घरात खुर्ची असलीच तर तिच्यावर मामलेदार अथवा डॉक्टर, पडवीच्या पायरीवर कुळे आणि माजघरात पाटावर वा जमिनीवर बायका, अशी ही वाटणी पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार चालत आली. या तपशीलवार वाटणीत एका व्यक्तीच्या बैठकीची तेवढी नोंद सापडत नाही, आणि घड्याळ लावून पाहिले तर त्या घरात सर्वांत अधिक काळ बसून राहणारी व्यक्ती तीच असते. नुकतेच जन्मलेले मूल दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पिते. एका खेपेस सरासरी अर्धा तास धरला, तरी बाळंतीण रोजचे चार ते सहा तास मूल घेऊन एका जागी बसलेली असते. कचेरीतला अव्वल कारकून इतका वेळ आपल्या जागेवर सापडेलच, अशी हमी त्या काळीही कोणी देत नसे.

तिच्यासाठी जी तजवीज होई ती निजण्याची होती, बसण्याची नव्हे. माजघरालगतची अंधारी खोली, काथ्याने विणलेली बाज, बाजेखाली ओवा नि बाळंतशोपा टाकून धुमसत ठेवलेली शेगडी, कानाला बांधलेले फडके आणि डिंकाच्या व अळिवाच्या लाडवांचा डबा, हा बाळंतपणाचा सरंजाम वाचकांच्या परिचयाचा आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजात बालकाच्या निवासाचे, म्हणजे कुमारागाराचे, जे वर्णन येते, त्यात ती जागा वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित असावी तशीच ती काळोखीही नसावी अशी अपेक्षा आहे. आम्ही त्यांतले पहिले कलम कसोशीने पाळले, दुसरे सोयीस्करपणे विसरलो, आणि वस्त्रे-अंथरुणे धुपविण्यासाठी सांगितलेली धुरी अर्भकाच्या श्वासालाच दिली.

तथापि बसण्याच्या बाबतीत त्या जुन्या व्यवस्थेला सरसकट निकालात काढणे अन्यायाचे होईल. भिंतीला पाठ टेकून, कमरेशी लोड सारून, जमिनीवर बसणाऱ्या बाईला दोन गोष्टी अनायासे लाभत: पाठीस आधार मिळे आणि पाय लोंबकळत नसत. अडचण होती ती मांडीची. मांडी घातली की बैठक ऐसपैस होते खरी, पण मांडी खाली राहते आणि मूल छातीपासून वीतभर दूर पडते. ते अंतर आई नकळत पाठ वाकवून भरून काढते, आणि पंधरा दिवसांत मानेपासून माकडहाडापर्यंत एक ठणका कायमचा वस्तीला येतो. अनुभवी बायका म्हणूनच एक गुडघा उभा करीत किंवा मांडीवर गोधडीची जाड घडी ठेवीत. दुसरी अडचण उठण्याची. प्रसूतीच्या वेळी पडलेले टाके किंवा शस्त्रक्रियेची जखम ओली असताना, दोन्ही हातांत मूल धरून जमिनीवरून उठणे हे कष्टाचेच नव्हे, तर प्रसंगी धोक्याचे काम असते. आणि ज्या काळात पोट फाडून बाळंतपण होणे ही अपूर्वाई राहिलेली नाही, त्या काळात उंच बैठकीचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

मग घरात झोपाळा असताना खुर्ची हवी कशाला, हा प्रश्न रत्नागिरीकराच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्याचे एक उत्तर सामाजिक आहे. झोपाळा ओटीवर, ओटी परक्यांच्या वावराची, आणि परक्यांसमोर मूल अंगावर घेणे लोकरीतीस मान्य नसल्यामुळे बाळंतीण आणि झोपाळा यांची गाठ पडायची ती बहुधा सारे पुरुष बाहेर गेल्यानंतर. दुसरे उत्तर पदार्थविज्ञानाचे आहे आणि ते अधिक मनोरंजक आहे. आठ फूट लांबीच्या कड्यांना टांगलेला झोपाळा एका हेलकाव्यास, म्हणजे जाऊन परत येण्यास, सुमारे तीन सेकंद घेतो. वर बसणारा लठ्ठ असो वा किडकिडीत, या अवधीत फरक पडत नाही, कारण लंबकाचा काल त्याच्या वजनावर नव्हे तर लांबीवर अवलंबून असतो. चारही कड्या तुळईच्या चार निरनिराळ्या आकड्यांना, फळीच्या रुंदीइतक्याच अंतरावर, टांगल्या असतील तर फळी हलताना आडवीच राहते. दोन-दोन कड्या वर एकाच आकड्यात अडकवल्या असतील तर ती हेलकाव्याबरोबर कलते. दोन्ही प्रकारांत गती आहे, संथपणा आहे, निद्रेला अनुकूल असे सारे काही आहे. नाही ती फक्त पाठ आणि नाहीत ते हात. जुन्या पद्धतीच्या झोपाळ्याला मागे टेकायला काही नसते, कोपर ठेवायला जागा नसते, एक हात सदैव कडीला धरलेला असावा लागतो, आणि पाजताना मुलाचे डोके सावरण्यासाठी नेमका तोच हात हवा असतो. झोपाळा मुलाला निजवण्याचे साधन म्हणून अव्वल, पाजण्याची बैठक म्हणून दुय्यम, असा फैसला द्यावा लागतो.

डोलखुर्ची आमच्याकडे आली ती बाहेरून, आणि तिकडेही ती फार पुरातन वस्तू नव्हे. खुर्चीच्या पायांना खाली वाकड्या पट्ट्या जोडण्याची कल्पना अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत रुजली. अमेरिकेतील शेकर नावाच्या विरक्त धर्मपंथीयांनी प्रथम आपल्यातील वृद्ध नि रुग्ण यांच्यासाठी अशा खुर्च्या बनविल्या आणि पुढे त्यांचा चांगला व्यापारही केला. ब्रह्मचर्य पाळणाऱ्या मंडळींच्या हातची खुर्ची असंख्य लेकुरवाळ्यांच्या उपयोगी पडावी, हा नियतीचा विनोदच म्हणावयाचा. मिखाएल थोनेट या जर्मन कारागिराने व्हिएन्नात बीच जातीचे लाकूड वाफेवर मऊ करून वाकविण्याचे तंत्र सिद्ध केले. भरीव लाकूड वाकविण्याची त्याची सनद १८५६ सालची, म्हणजे रत्नागिरीत लोकमान्यांचा जन्म झाला त्याच वर्षाची, आणि १८६० मध्ये त्याने त्या पद्धतीची पहिली डोलखुर्ची काढली. मुंबईच्या इराणी हॉटेलांतून ज्या गोल पाठीच्या वळणदार खुर्च्या आपण पाहिल्या, त्या याच कुळातल्या. परंतु आमच्या विषयाला अधिक जवळची वस्तू म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी घरांतली पाजण्याची खास खुर्ची. ती डोलत नसे. तिची बैठक अवघी तेरा ते पंधरा इंच उंच असे, आणि पुष्कळदा तिला हातच नसत. बुटक्या बैठकीमुळे गुडघे वर येतात, मांडी उंचावते, आणि मूल आपोआप छातीशी जाते. हात नसल्यामुळे कोपराला मोकळीक राहते. उभा गुडघा आणि गोधडीची घडी यांनी कोकणातल्या बाईने जे साधले, तेच तिकडच्या सुताराने खुर्चीचे पाय कापून साधले.

साहेबाबरोबर आमच्या जिल्ह्यात जी खुर्ची खरोखर आली, ती मात्र निराळी. कलेक्टरच्या बंगल्यापासून डाक बंगल्याच्या व्हरांड्यापर्यंत पसरलेली, वेताने विणलेली, पाय ठेवण्यासाठी हात पुढे लांबविलेली आरामखुर्ची. दौऱ्यावरून दमून आलेल्या अंमलदाराला ती आदर्श असेल. बाळंतिणीला ती सर्वथैव निरुपयोगी आहे, कारण तिची बैठक मागे इतकी खोल जाते की बसलेली बाई आत रुतते, मुलाला उचलून घेताना तिला पोटाचे स्नायू ताणावे लागतात, आणि उठण्यासाठी कोणाला तरी हाक मारावी लागते. आजोबांची आरामखुर्ची मोकळीच आहे म्हणून ती बाळंतिणीच्या खोलीत नेऊन ठेवणारे लोक आजही आढळतात. त्यांनी ती परत ओटीवर न्यावी.

आता बैठकीचा आणि दुधाचा संबंध काय, हे जरा मुळातून पाहिले पाहिजे. मूल लुचू लागले की स्तनाग्रातील मज्जातंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीस वर्दी देतात. त्या वर्दीसरशी दोन संप्रेरके रक्तात उतरतात: प्रोलॅक्टिन दूध तयार करविते, आणि ऑक्सिटोसिन दुधाच्या सूक्ष्म कोशांभोवतीचे स्नायूतंतू आकुंचित करून ते दूध बाहेर ढकलते. पान्हा फुटणे म्हणतात ते या दुसऱ्या क्रियेला. पहिले संप्रेरक रात्री अधिक स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे चुकवू नये असे वैद्यक सांगते. दुसरे मोठे मानी आहे. वेदना, भीती, संकोच, घाई यांपैकी कशाचीही चाहूल लागली की ते मागे सरते, आणि मुलाच्या नुसत्या रडण्याने, त्याच्या वासाने किंवा आठवणीनेही ते धावून येते. पाठीत कळ मारत असताना, पाय अधांतरी असताना आणि खांदे कानांपर्यंत चढलेले असताना दूध असूनही उतरत नाही. मग घरातल्या वडीलधाऱ्या ‘हिला दूध कमी आहे’ असा शेरा मारतात आणि डब्यातल्या पावडरीची शिफारस होते. बाळंतिणीची बैठक ही चैनीची बाब नसून दुधाच्या पुरवठ्याचाच एक भाग आहे, तो या कारणास्तव.

खुर्ची घेताना लोक प्रथम ती डोलते कशी हे पाहतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पाजण्याच्या कामी रेलणे मुख्य आणि डोलणे गौण. आई पुढे वाकली की स्तन मुलाच्या तोंडात कोंबला जातो, मुलाची पकड स्तनाग्रापुरतीच राहते, स्तनाग्रांना चिरा पडतात आणि पोटभर दूध मिळत नाही. आई किंचित मागे रेलली, मूल पोटाला पोट लावून तिच्या अंगावर विसावले, त्याचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत राहिली, तर मूल स्वतःच मान जराशी मागे टाकून, तोंड मोठे उघडून, स्तनाग्राभोवतीचा काळा भागही बराचसा मुखात घेते. खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी छातीत रुतलेली दिसली की पकड बरोबर बसली असे समजावे. मुलाला स्तनाकडे आणावयाचे, स्तन मुलाकडे न्यावयाचा नाही, हे साऱ्या शिकवणुकीचे सार. सुझान कोल्सन या सुईण-संशोधिकेने या शतकाच्या पहिल्या दशकात अशा अर्धवट रेलून पाजण्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला, आणि त्या स्थितीत अर्भकाच्या अंगच्या उपजत प्रतिक्रिया पाजण्याच्या मदतीला येतात असे दाखवून दिले. चांगल्या डोलखुर्चीचा खरा गुण येथे आहे: तिची बैठक स्वभावतःच मागे कललेली असते, आणि पायाच्या चवड्याने किंचित दाब देऊन तो कल हवा तेवढा कमी-अधिक करता येतो.

मापांच्या बाबतीत मात्र हयगय करून चालत नाही. आमच्याकडील बाईची उंची सर्वसाधारणपणे पाच फुटांच्या आसपास. अशा बाईच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे अंतर पंधरा इंच भरते. बाजारातल्या बहुतेक खुर्च्यांची बैठक सतरा-अठरा इंच उंच असते, कारण त्यांचा मूळ नमुना उंच लोकांच्या देशातला. परिणामी टाचा उचललेल्या राहतात, बैठकीची कड मांडीला खालून काचते, मांडी पुढे उतरती होते आणि मूल हळूहळू गुडघ्यांकडे घसरते. आई त्याला आवरण्यासाठी पुन्हा पुढे वाकते. सुताराकडून खुर्ची करून घ्यावयाची असेल तर बैठकीची पुढची कड पंधरा इंचांवर ठेवण्यास सांगावे. तयार खुर्ची असेल तर तिच्यापुढे जेवणाचा पाट ठेवावा. दोन-अडीच इंच उंचीचा पाट हा या कामी कोणत्याही विलायती पायटेकूच्या तोडीचा आहे, आणि कोकणातल्या घरात त्याचा तोटा नाही. बैठकीची खोली सोळा-सतरा इंचांपेक्षा अधिक नसावी. पाठ पूर्ण टेकल्यावर गुडघ्यामागे तीन बोटे मोकळी राहिली पाहिजेत. हात बैठकीपासून सात-आठ इंच उंच, रुंद आणि सपाट असावेत, म्हणजे खांदा न उचलता कोपर त्यांवर विसावते. दोन हातांमधील अंतर निदान वीस-एकवीस इंच असावे, कारण शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या बाईला पोटावर भार नको असतो, आणि ती मुलाचे पाय आपल्या बगलेखालून मागे सारून त्याला कुशीशी धरते. अरुंद खुर्चीत ही पकड साधतच नाही. पाठ डोके टेकेल इतकी उंच हवी. एवढे करूनही मांडी आणि छाती यांमध्ये अंतर उरतेच, ते उशीने किंवा दुपट्यांच्या घडीने भरावे, आणि उशी आईच्या मांडीवर ठेवावयाची ती मुलाला उचलून धरण्यासाठी, त्याला वाढून ठेवण्यासाठी नव्हे.

आता डोलण्याविषयी. खालच्या वाकड्या पट्ट्या एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतात, आणि त्या वर्तुळाची त्रिज्या हेच या खुर्चीचे मर्म. बसलेल्या व्यक्तीचा गुरुत्वमध्य त्या वर्तुळाच्या मध्याच्या बराच खाली असला की खुर्ची कलली तरी परत येते. त्रिज्या सुमारे साडेतीन फूट ठेवली तर एक हेलकावा पावणेदोन-दोन सेकंदांत पुरा होतो. पट्ट्या याहून सपाट केल्या तर हेलकावा आखूड आणि चटचटीत होतो. अधिक गोल केल्या तर तो संथ होतो, पण खुर्ची उलटण्याच्या मर्यादेकडे सरकते. साडेतीन फुटांची दोरी, एक खिळा आणि पेन्सिल एवढ्या सामग्रीवर गावचा मेस्त्री ही वक्ररेषा फळीवर अचूक आखू शकतो. पट्ट्यांची शेपटे मागे भरपूर लांब असावीत. मूल घेण्यापूर्वी एकदा रिकाम्या हाताने बसून, पाय उचलून, पूर्ण मागे रेलून पाहावे. शेपटे जमिनीला टेकलेलीच राहिली आणि पाय खाली सोडताच बैठक आपसूक किंचित मागे कलून स्थिरावली, तर खुर्ची मंजूर. पुढे ढकलून देत असेल तर दुकानदाराची रदबदली ऐकू नये.

हल्ली शहरांतून ग्लायडर या नावाने एक खुर्ची मिळते. तिचे पाय जमिनीवर अचल असतात आणि बैठक चौकटीच्या आत चार आखूड दांड्यांना टांगलेली असते. नीट पाहिले तर ही आपल्या चार आकड्यांच्या झोपाळ्याचीच खुर्चीत बसविलेली आवृत्ती आहे. बैठक जवळजवळ आडवीच पुढे-मागे सरकते. ती पेलवेल त्याने ती जरूर घ्यावी, परंतु तिच्या खिट्ट्या आणि बेअरिंगे लोखंडी असतात, आणि येथे रत्नागिरीच्या हवेचा प्रश्न उपस्थित होतो.

मांडवी-राजिवड्याच्या बाजूच्या घरांत लोखंडी खिळा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यापुढे फार काळ टिकाव धरत नाही, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखात लाकूड जूनपासून सप्टेंबरपर्यंत फुगते नि मार्गशीर्षात आक्रसते. सांधे सैल होऊन खुर्ची कुरकुरू लागते, आणि नेमक्या त्या कुरकुरीने नुकतेच डोळे मिटलेले मूल जागे होते. म्हणून स्क्रू पितळी असावेत आणि सांधे शक्यतो लाकडात लाकूड बसवून केलेले असावेत. साग उत्तम, शिसव भारी आणि महाग. पण कोकणाचे स्वतःचे लाकूड म्हणाल तर फणसाचे. ते कापताना पिवळेधमक असते, वर्षांबरोबर तांबूस-तपकिरी होत जाते, वाळवीला सहसा दाद देत नाही, आणि घडणीला सोपे असते. आंब्याचे लाकूड स्वस्त खरे, पण त्याला कीड लवकर लागते. लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. होड्या आणि वासे यांना ते ठीक, परंतु त्या तेलाने कातडीला फोड येतात, सबब मुलाचा गाल जेथे टेकणार त्या खुर्चीला ते चुकूनही लावू नये. जवसाचे तेल किंवा मेण पुरेसे आहे. जमिनीचाही विचार करावा. शेणाने सारवलेल्या भुईत पट्ट्या रुततात आणि चर पाडतात, गुळगुळीत लादीवर खुर्ची घसरत भिंतीपर्यंत जाते; दोन्ही ठिकाणी खाली जाड चटई किंवा सतरंजी अंथरणे हा साधा इलाज होय.

खुर्ची सिद्ध झाली, आता तिच्यात बसण्याची रीत. मुलाची पकड नीट बसेपर्यंत दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकून खुर्ची निश्चल ठेवावी. पहिल्या पंधरवड्यात तर पिणे संपेपर्यंतच ती निश्चल राहिलेली बरी, कारण शिकाऊ मुलाची पकड एका हिसक्यासरशी सुटते आणि सुटताना आईला दुखापत करते. डोलण्याची वेळ त्यानंतरची, खांद्यावर घेऊन ढेकर काढल्यानंतरची. गतीने मूल शांत का होते, याचे उत्तर केवळ सवय असे नाही. जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले की मुलाला उचलून आई चालू लागली की त्याचे रडणे थांबते, हातपाय झाडणे थांबते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. नुसते मांडीवर घेऊन बसण्याने तितका परिणाम होत नाही. २०२२ मधील पुढच्या अभ्यासात, पाच मिनिटे चालून निजलेल्या मुलाला आणखी पाच ते आठ मिनिटे बसून कुशीत धरले आणि मग खाली ठेवले, तर ते जागे होण्याचा संभव कमी होतो असे निघाले. आपल्या आज्या मूल खांद्यावर टाकून अंगणात येरझारा घालीत, नंतर झोपाळ्यावर टेकत, आणि मग त्याला पाळण्यात ठेवीत, त्या क्रमाला हा जणू प्रयोगशाळेचा दाखलाच मिळाला. डोलखुर्ची ही पुरती येरझारांची जागा घेत नाही. ती त्या मधल्या पाच-आठ मिनिटांच्या कामाची.

एक गोष्ट मात्र हुकमाच्या स्वरात सांगितली पाहिजे: मूल कुशीत असताना या खुर्चीत झोपू नये. खुर्चीत किंवा सोफ्यावर आईला डोळा लागला तर मूल हातातून निसटते, किंवा गादी नि आईचे अंग यांच्या बेचक्यात त्याचे नाक दाबले जाते. झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूचा धोका अशा जागी अतिशय वाढतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे की झोप अनावर होण्याची शक्यता असेल तर सोफ्यापेक्षा वा आरामखुर्चीपेक्षा मोकळ्या, उशा-पांघरुणे दूर सारलेल्या अंथरुणावर पाजणे कमी धोक्याचे. अर्थात तेथेही जाग येताच मुलाला त्याच्या स्वतंत्र जागी ठेवावयाचे. तेव्हा डोलखुर्ची दिवसाची. रात्री दोन वाजता बाळंतिणीने कुशीवर पडून पाजावे, किंवा तिच्याजवळ कोणीतरी जागे राहावे. हे शेवटचे काम नवऱ्याने करण्यास कोणतीही शास्त्रीय हरकत नाही. शिवाय घरात दुसरे रांगते मूल असेल तर डोलणाऱ्या पट्ट्यांखाली त्याची बोटे सापडतात. खुर्ची वापरात नसेल तेव्हा पट्ट्यांखाली पाचर सारून ती बंदोबस्तात ठेवावी.

घराबाहेरची कैफियत थोडक्यात. १९६१ च्या मातृत्वलाभ अधिनियमाने नोकरदार आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी रोज दोन सुट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा सव्वीस आठवड्यांची केली आणि पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती घातली. महाराष्ट्रात एस.टी. स्थानकांतून आणि शासकीय कचेऱ्यांतून हिरकणी कक्ष निघाले; तान्ह्या मुलाच्या ओढीने रात्री रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीच्या आख्यायिकेवरून हे नाव पडले, आणि ते यथोचितच आहे. परंतु कायद्याने वेळ मोजून दिला, शासनाने दार आणि पाटी दिली, तरी आत बसावयास काय आहे हे तपासण्याची पद्धत पडलेली नाही. पाठ नसलेल्या बाकावर किंवा खोलगट प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाजणे किती अवघड, हे वर आलेल्या मापांवरून ताडता येईल. तेथे डोलखुर्ची ठेवा असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. हात असलेली, उंच पाठीची, स्थिर खुर्ची आणि तिच्यापुढे एक पाट, एवढे अंदाजपत्रक कोणत्याही कचेरीस झेपण्याजोगे आहे.

राहता राहिला आमच्या रिवाजातून निघणारा एक पेच. पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी होते, आणि दोन-तीन महिन्यांनी ती मूल घेऊन सासरी जाते. खुर्ची मात्र फणसाची असली तर एस.टी.च्या टपावर चढवण्याजोगी नसते. एक तोड अशी की मेस्त्रीला सांधे सरसाने न चिकटवता पाचरी मारून बसवावयास सांगावे, म्हणजे पट्ट्या, हात आणि पाठ सुटी करून बांधून नेता येतात. दुसरी तोड त्याहून स्वस्त. तीन-चार महिन्यांचे मूल पिण्यात तरबेज झालेले असते, अर्ध्या तासाचे काम दहा-पंधरा मिनिटांत उरकते, त्याची मानही बरीच सावरलेली असते, आणि डोलखुर्चीची निकड तितकी राहत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी बाईने आपल्या खुर्चीच्या बैठकीची उंची, बैठकीची खोली, हातांची उंची आणि हातांमधील रुंदी असे चार आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर उतरून सोबत न्यावेत. सासरच्या घरात जी कोणती पाठीची खुर्ची असेल, तिचे पाय करवतीने दोन इंच कमी करवून घेण्याची मुभा सासूबाईंनी दिली तर उत्तम, नाहीपेक्षा पुढे पाट आणि कमरेशी लोड घेऊन ती मापे जमवता येतात.